वेबपानावरून येणारा व्हायरस अँटीव्हायरसला दिसतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सोलापुरातल्या छोट्या ऑफिसांत, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांच्या हिशेब टेबलांवर, कर सल्लागारांकडे आणि सेवा केंद्रांत नेहमी निघतात. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून दिली आहेत. मोबाइलचा प्रश्न वेगळा, तो खाली आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमध्ये दिसतात तशीच, फक्त देवनागरीत लिहिली आहेत.

नुसतं पान उघडलं, कुठेही क्लिक केलं नाही, तरी व्हायरस शिरतो का?

शिरू शकतो. पण ब्राउझर ताजा असेल तर आता हे क्वचित घडतं. २०१० ते २०१६ ही त्या प्रकाराची भरभराटीची वर्षं होती. ब्लॅकहोल, अँग्लर अशी 'एक्स्प्लॉइट किट' चोरांना भाड्याने मिळायची. पान उघडलं की किट जावा, फ्लॅश, पीडीएफ रीडर यांच्या आवृत्त्या तपासायचं आणि जिथे भोक सापडेल तिथून फाइल आत सोडायचं. ब्लॅकहोलच्या कर्त्याला २०१३ मध्ये रशियात अटक झाली, अँग्लर २०१६ च्या जूनमध्ये बंद पडलं. फ्लॅशचा आधार (म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या) ३१ डिसेंबर २०२० ला संपला, इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा १५ जून २०२२ ला. चोर ज्या खिडक्यांतून यायचा त्यातल्या बहुतेक विटा लावून बुजवल्या गेल्या.

त्यामुळे चोर आता दारावर येतो आणि कडी घरातल्या माणसाकडूनच काढून घेतो. खोटं अपडेट, खोटी 'मी रोबोट नाही' चाचणी, क्रॅक म्हणजे परवाना तोडून फुकट वाटलेलं सॉफ्टवेअर, खोटी जाहिरात ही त्याची हत्यारं. यातल्या प्रत्येकात माणूस स्वतः काहीतरी चालवतो, आणि अँटीव्हायरसची अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

पान उघडल्यापासून फाइल चालेपर्यंत अँटीव्हायरस कुठे कुठे बघतो?

चार ठिकाणी. गावात शिरणाऱ्या मालाला एकामागून एक चार नाके लागावेत तसं समजा. चारही नाक्यांवरची माणसं सारखी हुशार नसतात.

पहिला नाका पत्त्याचा. तुम्ही उघडताय तो पत्ता काळ्या यादीत आहे का, एवढंच इथे बघितलं जातं. काम झटपट होतं, पण पत्ता यादीत यायलाच वेळ लागतो. धोकादायक साइट सरासरी दहा मिनिटांहूनही कमी काळ जिवंत असते, असं गूगलने मार्च २०२४ मध्ये सांगितलं. तोपर्यंत क्रोमची यादी ३० ते ६० मिनिटांनी ताजी व्हायची. म्हणजे यादी पोचेपर्यंत चोर दुसऱ्या गावी. त्यानंतर क्रोमने अनोळखी पत्ते त्याच क्षणी सर्व्हरला विचारायला सुरुवात केली. अँटीव्हायरसच्या याद्यांनाही हाच नियम लागू: जितकी थेट विचारणा, तितकी उपयोगी.

दुसरा नाका पानाच्या मजकुराचा, आणि चारांमध्ये सगळ्यात कच्चा हाच. आज जवळपास सगळी पानं एचटीटीपीएसने, म्हणजे कुलूपबंद येतात. आत बघायचं तर अँटीव्हायरसला ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन बसवावं लागतं, नाहीतर स्वतःचं सर्टिफिकेट घालून मधल्यामध्ये कुलूप उघडावं लागतं. तुमचा अँटीव्हायरस दुसरा मार्ग वापरतो का ते बघायला पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करा, 'कनेक्शन इज सिक्युअर' आणि मग सर्टिफिकेट उघडा. 'इश्यूड बाय'समोर अँटीव्हायरसचं नाव दिसलं तर तो मध्ये बसला आहे. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असं कुलूप उघडत नाही.

बरं, कुलूप उघडूनही आत काय दिसतं? गुंतवलेली जावास्क्रिप्ट. तिचा अर्थ ब्राउझरने ती चालवल्यावरच उलगडतो. एका प्रकारात तर अख्खी फाइल स्क्रिप्टमध्येच अक्षरांच्या रूपात लपवलेली असते आणि ब्राउझर ती तुमच्याच पीसीवर जोडून 'डाउनलोड' म्हणून पुढे करतो. नेटवरून फाइल अशी आलेलीच नसते. त्यामुळे राउटरवरची किंवा फायरवॉलवरची तपासणी तिला पकडू शकत नाही, ती पहिल्यांदा दिसते ती डिस्कवर उतरल्यावर.

तिसरा नाका फाइलचा. अँटीव्हायरसची खरी ताकद इथे. ओळखीच्या खुणा म्हणजे सिग्नेचर, फाइलची ठेवण, आणि क्लाउडवरची, म्हणजे अँटीव्हायरस कंपनीच्या सर्व्हरकडे केलेली विचारणा असं तिहेरी काम चालतं. चोरांचा सर्व्हर प्रत्येक पाहुण्याला थोडी वेगळी फाइल देतो, म्हणून नुसत्या सिग्नेचरवर भागत नाही. 'ही फाइल जगात आणखी कोणाकडे दिसली?' हा क्लाउडचा प्रश्न जास्त कामाचा. उत्तर येईपर्यंत डिफेंडर अनोळखी फाइल साधारण १० सेकंद रोखून धरतो. नेट बंद असेल तर ही विचारणाच होत नाही, आणि अँटीव्हायरस निम्मा आंधळा होतो.

चौथा नाका फाइल किंवा स्क्रिप्ट चालू झाल्यानंतरचा. विंडोज १० पासून 'अ‍ॅम्सी' नावाची सोय आहे. पॉवरशेलची (विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या प्रोग्रामची) आज्ञा किंवा स्क्रिप्ट गुंता सोडवून प्रत्यक्ष चालायला निघते, त्या क्षणी तिचा मजकूर अँटीव्हायरसला वाचायला मिळतो. त्यापुढे वागणुकीवर पाळत. पण पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रामचं काम मिनिटाच्या आतही उरकू शकतं. त्यानंतर अँटीव्हायरस ओरडला तर ते वरातीमागून घोडं.

डाउनलोड केलेली फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या पीसीवर नेली की धोक्याची सूचना येत नाही. फाइल चांगली झाली का?

फाइल तीच आहे, तिच्यावरची खूण पुसली गेली. ब्राउझर डाउनलोडला 'ही नेटवरून आली' असा अदृश्य शिक्का मारतो. तो बघूनच स्मार्टस्क्रीन हा विंडोजचा पहारेकरी निळी सूचना देतो आणि वर्ड-एक्सेल मॅक्रो अडवतात. हा शिक्का एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवरच टिकतो. बाजारातले पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतात, तिथे तो गळून पडतो. झिप उघडतानाही असंच होऊ शकतं: सेव्हन-झिपमध्ये शिक्का पुढे नेण्याची सोय २०२२ मध्ये आली, पण ती मुळात बंद असते, टूल्सच्या ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावी लागते. म्हणून फाइल ज्या पीसीवर उतरवली तिथेच आधी राइट क्लिक करून स्कॅन करा, मग पेन ड्राइव्हवर घाला.

जाहिरातीत ९९ टक्क्यांच्या वरचे आकडे असतात. ते खोटे का?

खोटे नसतात, पण कशाचे आहेत ते वाचावं लागतं. जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या नाव असलेल्या चाचणी संस्था. एव्ही-कंपॅरेटिव्ह्जच्या 'रिअल-वर्ल्ड प्रोटेक्शन' चाचणीत खरे धोकादायक पत्ते उघडून बघतात. पत्त्यावर अडवलं, फाइलवर अडवलं की चालल्यावर अडवलं, कुठेही अडवलं तरी गुण मिळतो. जिथे प्रोग्रामने निर्णय वापरणाऱ्यावर ढकलला, 'परवानगी द्यायची का?' असं विचारलं, ते वेगळ्या रकान्यात जातं. आपल्याला महत्त्वाचा रकाना तोच. ऑफिसात कामाच्या घाईत तो प्रश्न आला की उत्तर काय मिळतं, हे सांगायला नको.

आता हिशेब करून बघा. समजा ४०० पत्त्यांपैकी २ सुटले, म्हणजे ९९.५ टक्के. तुमच्या ऑफिसात दहा माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला एक खराब लिंक, तर वर्षात १२० लिंका. अर्धा टक्का सुटला तर दोन वर्षांत एखादी आत येणार. हे सुद्धा अँटीव्हायरस ताजा, नेट चालू आणि सगळी सेटिंग्ज जागेवर असताना. प्रयोगशाळेत कोणी 'डिजिटल सहीचं टोकन चालत नाही' म्हणून अँटीव्हायरस तासभर बंद ठेवत नाही.

त्याच अहवालात 'फॉल्स अलार्म'चाही आकडा असतो. तो जास्त असलेला अँटीव्हायरस चोर सोडून संन्याशाला फाशी देतो. असा अँटीव्हायरस असलेल्या ऑफिसात सगळ्यांना इशारे न वाचता बंद करायची सवय लागते. ९९.७ आणि ९९.४ मधल्या फरकापेक्षा हा आकडा आधी बघा.

व्हायरसटोटलवर लिंक टाकली, सगळं हिरवं आलं. उघडू का?

व्हायरसटोटल ही लिंक किंवा फाइल एकाच वेळी अनेक अँटीव्हायरसना विचारून दाखवणारी साइट. हिरवं म्हणजे 'आत्तापर्यंत कोणी तक्रार नोंदवली नाही' इतकंच. लिंक तपासताना तिथले बहुतेक जण आपापली यादी बघतात, पान उघडून आतला माल तपासत नाहीत. शिवाय चोरांची पानं पाहुणा बघून बदलतात: तपासणी कंपनीच्या आयपीवरून (नेटवरच्या क्रमांकावरून) आलेल्याला साधा ब्लॉग, भारतातल्या मोबाइल नेटवरून आणि सर्चमधून आलेल्याला सापळा. काही पानं एका आयपीला एकदाच सापळा दाखवतात. दुसऱ्यांदा उघडून 'आता तर काही नाही' म्हणणारे इथेच फसतात.

फाइल टाकली तर निकाल जास्त भरवशाचा. सत्तरच्या आसपास इंजिनं आहेत. एखाद्याच अनोळखी इंजिनाने मोघम नाव दिलं तर चूक असण्याची शक्यता मोठी, पाच-सहा नावाजलेल्यांनी दिलं तर फाइल सोडा. शून्य आलं आणि फाइल पहिल्यांदा आजच दिसली असेल, तर एक दिवस थांबून 'रिअ‍ॅनालाइझ' करा. पहिल्या दिवशीचं शून्य आणि दुसऱ्या दिवशीचं तीस हा प्रकार नवा नाही.

आकारावरही नजर ठेवा. तिथे ६५० एमबीपर्यंतच फाइल घेतात आणि बरेच अँटीव्हायरसही अवाढव्य फाइल पूर्ण तपासत नाहीत. चोर त्याचा फायदा घेतात. काही एमबींची झिप उघडल्यावर ७०० एमबीचा सेटअप निघाला, तर आत शून्यं भरून फुगवलेला माल आहे असं समजा.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका: ताळेबंद, पगारपत्रक, आधारची प्रत, जीएसटीची फाइल तिथे चढवू नका. चढवलेल्या फाइली पैसे भरणाऱ्या सभासदांना उतरवून घेता येतात.

पानावर 'मी रोबोट नाही' सिद्ध करायला विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर, असं येतं. हे खरं असतं का?

कधीच नसतं. २०२४ पासून बोकाळलेला हा प्रकार सध्या अँटीव्हायरसला सगळ्यात अवघड जातो, म्हणून त्याचं यंत्र समजून घ्या.

तुम्ही चौकोनावर टिक करता तेव्हा पान गुपचूप क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवतं. विंडोज-आर दाबल्यावर रनची खिडकी उघडते, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा तिथे पडते, एंटरने ती चालते. रनचा रकाना अरुंद असल्याने शेवटचे काही शब्दच दिसतात, आणि तिथे मुद्दाम 'व्हेरिफिकेशन आयडी' वगैरे लिहिलेलं असतं. खरी आज्ञा डावीकडे सरकून गेलेली असते.

आता चार नाके आठवा. ब्राउझरने फाइल उतरवलीच नाही, म्हणून शिक्का नाही आणि स्मार्टस्क्रीन नाही. आज्ञा चालवणारा पॉवरशेल किंवा एमएसएचटीए हा मायक्रोसॉफ्टची सही असलेला विंडोजचाच प्रोग्राम, म्हणून फाइल तपासणीत तो निर्दोष. आज्ञा देणारा खुद्द मालक. उरतो चौथा नाका, आणि तिथे चोर रोज आज्ञेचं रूप पालटून जातो. पुष्कळदा अँटीव्हायरस पकडतोही, पण त्या भरवशावर एंटर दाबायचं नसतं.

ऑफिसात बंदोबस्त असा: विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये युझर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, 'स्टार्ट मेनू अँड टास्कबार' इथे 'रिमूव्ह रन मेनू फ्रॉम स्टार्ट मेनू' चालू करा. बिलं करणाऱ्याला रन कधी लागत नाही. पूर्ण इलाज मात्र हा नाही. याच युक्तीच्या दुसऱ्या रूपात आज्ञा फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत चिकटवायला सांगतात, तिसऱ्यात टर्मिनल उघडायला लावतात. म्हणून सगळ्यांना एकच वाक्य पाठ करून द्या: वेबपानाने दिलेलं काहीही ब्राउझरच्या बाहेर चिकटवायचं नाही.

कोणी दाबून बसलंय का हे बघायचं असेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये करंट युझरखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्स्प्लोरर आणि त्यात 'रन एमआरयू' उघडा. रनमधून चालवलेल्या अलीकडच्या आज्ञा तिथे राहतात.

'तुमचा ब्राउझर जुना झाला, अपडेट करा' असा बॉक्स पानातच आला तर?

टॅब बंद करा. खरं अपडेट क्रोममध्ये तीन ठिपके, हेल्प, 'अबाउट गूगल क्रोम' इथेच असतं. कुठलीही वेबसाइट ते देत नाही.

खोट्या अपडेटमध्ये बहुधा झिप येते आणि आत 'जेएस' शेपटीची फाइल. डबल क्लिक केलं की ती ब्राउझरमध्ये न उघडता विंडोजच्या स्क्रिप्ट यंत्रातून चालते. यावर फुकटचा आणि फार उपयोगी उपाय आहे: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये जाऊन जेएस, जेएसई, व्हीबीएस, डब्ल्यूएसएफ आणि एचटीए या शेपट्यांना नोटपॅड जोडून टाका. मग चुकून डबल क्लिक झालं तरी समोर फक्त अगम्य अक्षरं उघडतील. वेबसाइटवरच्या जावास्क्रिप्टवर याचा काही परिणाम होत नाही.

डिफेंडर पुरतो की विकतचा घ्यावा?

एका-दोघांच्या ऑफिसला ताजा डिफेंडर आणि ताजा ब्राउझर पुरतो. दहा-पंधरा पीसी असतील तर विकतच्याचा फायदा पकडण्यापेक्षा देखरेखीत आहे: कुठला पीसी मागे पडलाय हे एका पडद्यावर दिसतं. क्विक हीलसारखी कंपनी पुण्याचीच असल्याने मराठीत बोलणारा माणूस आणि जवळचा विक्रेता मिळतो, हेही काही जणांना मोलाचं वाटतं.

सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे मुदत संपलेला विकतचा. डिफेंडर बाजूला सरकलेला असू शकतो आणि नवा पहारेकरी झोपलेला. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज प्रोव्हायडर्स' उघडून जागेवर कोण आहे ते बघा. मुदत संपलेला काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा घेतो. मग 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन', 'टॅम्पर प्रोटेक्शन' आणि 'पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग' ही तीनही बटणं चालू असल्याची खात्री करा.

आपल्याकडची एक सवय इथे आड येते. संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विचच पाडतात. विंडोजची आपोआप देखभाल मुळात रात्री दोनला ठरलेली असते, ती राहून राहून मागे पडते. दुपारच्या जेवणाची वेळ लावून द्या आणि तासभर पीसी चालू ठेवा.

माझा अँटीव्हायरस डाउनलोड तपासतो का हे स्वतः कसं बघू?

आयकार चाचणी फाइलने. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर-फाइल सगळे अँटीव्हायरस ठरवून व्हायरस मानतात. आयकार संस्थेच्या साइटवरून ती उतरवा. पान उघडतानाच अडवलं तर पहिला किंवा दुसरा नाका चालू आहे. फाइल उतरल्यावर गायब झाली तर तिसरा चालू आहे. उतरून 'डाउनलोड्स'मध्ये शांत बसली तर पहारा बंद आहे. झिपमधली झिप अशीही एक प्रत तिथे असते. ती उतरताना पकडली नाही तर घाबरू नका, उघडताना पकडली पाहिजे.

यातून तार जोडलेली आहे एवढं कळतं. दिवा किती उजेड देतो, ते नाही.

क्रॅक किंवा 'फुकट फॉन्ट' उतरवताना अँटीव्हायरस उगाच ओरडतो असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

काही क्रॅक निव्वळ परवाना तोडणारे असतात आणि त्यांनाही अँटीव्हायरस 'हॅकटूल' म्हणतो. या अर्ध्या सत्यावरच धंदा उभा आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर, जॅकार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर, कोरल, छपाईचे मराठी फॉन्ट असं काही 'फुल व्हर्जन फ्री' म्हणून शोधलं की वरच्या निकालांतच सापळे असतात. खुणा ठरलेल्या: झिपला पासवर्ड, तो पानावरच लिहिलेला, बहुधा १२३४ सारखा. हा पासवर्ड तुमच्या सुरक्षेसाठी नसतो. कुलूप असलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला बघता येत नाही, यासाठीच तो. पुढची सूचना 'इन्स्टॉल करताना अँटीव्हायरस बंद करा' किंवा 'हा फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये', म्हणजे तपासणीतून वगळायच्या यादीत, 'टाका'. हा दुसरा सल्ला जास्त घातक. अँटीव्हायरस नंतर चालू होतो, पण एक्स्क्लूजन वर्षानुवर्षं तसंच उघडं राहतं. आज जाऊन ती यादी बघा. सी ड्राइव्ह अख्खा वगळलेला सापडला तर तो पीसी बिनपहाऱ्याचा आहे.

मराठी टायपिंगसाठी तर काही उतरवायची गरजच उरलेली नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये फोनेटिक कीबोर्ड आहेत. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये मराठी जोडा, त्याच्या ऑप्शन्समध्ये मराठी फोनेटिक निवडा. त्याच यादीत तेलुगू आणि कन्नडही आहे, आणि सोलापुरात एका दुकानात तिन्ही लागतात.

कोपऱ्यात सारखं येतं, 'तुमच्या पीसीत ५ व्हायरस'. अँटीव्हायरस स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही.

सापडणार नाही, कारण व्हायरस नाहीच. कुठल्यातरी साइटला 'अलाउ' म्हटलं गेलंय आणि ती ब्राउझरमार्फत नोटिफिकेशन पाठवतेय. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्यांतल्या अनोळखी साइटी काढा. पूर्ण पडदा व्यापून भोंगा वाजवणारं, फोन नंबर देणारं पान असेल तर एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट-एफ४. नंबरवर फोन करू नका.

आमच्याच वेबसाइटवर ग्राहकाचा अँटीव्हायरस ओरडतो, आम्हाला मात्र साइट ठीक दिसते.

ग्राहकाचं बरोबर असण्याची शक्यता जास्त. साइट फोडून घातलेली स्क्रिप्ट बहुधा सर्चमधून आलेल्या नव्या पाहुण्यालाच सापळा दाखवते. मालक पत्ता थेट टाइप करतो, तोही लॉगिन केलेल्या ब्राउझरमधून, म्हणून त्याला ती दिसत नाही. मोबाइल डेटावर, खासगी टॅबमध्ये, गूगलवर दुकानाचं नाव शोधून तिथून साइट उघडा. गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या मोफत सेवेत 'सिक्युरिटी इश्यूज' बघा.

वर्डप्रेस असेल तर कारण बहुतेक वेळा जुनं प्लगइन किंवा फुकट मिळालेली चोरीची थीम. नुसती स्क्रिप्ट पुसून भागत नाही, मागचं दार राहतं. अनोळखी अ‍ॅडमिन खाती काढा, वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्याने टाका, होस्टिंग, डेटाबेस आणि अ‍ॅडमिन असे तिन्ही पासवर्ड बदला. त्यानंतरच कन्सोलमधून फेरतपासणी मागा.

मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल आली. अँटीव्हायरस अ‍ॅप वाचवेल का?

एपीके म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवणारी फाइल. अँड्रॉइडवर अँटीव्हायरस अ‍ॅपला पीसीइतके हात नसतात. दुसऱ्या अ‍ॅपच्या आत काय चाललंय हे ते बघू शकत नाही. खरा अडसर दोन ठिकाणी: 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' ही परवानगी ब्राउझर आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हींसाठी बंद ठेवणं, आणि प्ले स्टोअरमधली प्ले प्रोटेक्ट ही तपासणी चालू ठेवणं. एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं, अ‍ॅक्सेसिबिलिटी असल्या परवानग्या मागणारी बाहेरची अ‍ॅप थेट अडवायची सोय भारतात आणत असल्याचं गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. पत्रिकेला इन्स्टॉल करावं लागत नाही.

अँटीव्हायरसने पकडून क्वारंटाइन केलं. काम संपलं ना?

क्वारंटाइन म्हणजे फाइल चालू नये म्हणून कोंडून ठेवणं. पण ती कुठे पकडली ते बघा. 'प्रोटेक्शन हिस्ट्री'मध्ये फाइलचा मार्ग असतो. ब्राउझरच्या कॅशमध्ये किंवा 'डाउनलोड्स'मध्ये असेल तर वेशीवरच अडवलं, विषय संपला. 'अ‍ॅप डेटा', 'स्टार्टअप', 'टेम्प' किंवा शेड्यूल्ड टास्कमध्ये सापडलं तर काहीतरी आधीच चाललं आहे असं धरून पुढचं उत्तर वाचा.

चुकून चाललं. आता कुठल्या क्रमाने काय करू?

नेट काढा: वायर किंवा वायफाय. डिजिटल सहीचं टोकन पीसीतून उपटा. पीसी फॉरमॅट करायची घाई आत्ता नको.

दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग जीएसटी, आयकर, सोशल मीडियाचा. नुसता पासवर्ड बदलणं पुरत नाही. हे चोर प्रोग्राम ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणाही नेतात आणि त्यांच्या जोरावर पासवर्ड किंवा ओटीपीशिवाय तुमच्या चालू लॉगिनमध्ये शिरता येतं. म्हणून प्रत्येक खात्यात 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करा. व्हॉट्सअ‍ॅपची 'लिंक्ड डिव्हाइसेस' यादीही रिकामी करा.

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला लगेच फोन. रक्कम पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आली तरच हाती लागते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. शहरात पोलिस आयुक्तालयाचा आणि तालुक्यांसाठी ग्रामीण पोलिसांचा सायबर विभाग आहे. कंपनी असाल तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायची असते.

मग पीसी. 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतं, साधारण १५ मिनिटं लागतात. हिशेबाचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या, फक्त डेटा, सेटअप फाइली नाही. आणि चोर प्रोग्राम खरंच चालला असेल तर विंडोज नव्याने टाका. स्कॅन स्वच्छ आलं म्हणून त्याच पीसीवर बँकिंग सुरू करणं आम्हाला पटत नाही.

दहा पीसींच्या ऑफिसात कमी खर्चात काय करावं?

रोजच्या कामाला अ‍ॅडमिन खातं देऊ नका, 'स्टँडर्ड युझर' द्या. राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटचे पत्ते शोधून देणारी सेवा, म्हणून ९.९.९.९ किंवा १.१.१.२ घाला, ओळखीचे खराब पत्ते पीसीपर्यंत पोचायच्या आधीच अडतात. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बसवा: क्रोममध्ये यूब्लॉक ओरिजिन लाइट, फायरफॉक्समध्ये पूर्ण यूब्लॉक ओरिजिन. सर्चच्या वरच्या ओळीतली खोटी सॉफ्टवेअर जाहिरात हा मोठा रस्ता त्याने बंद होतो. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणं थांबवा. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा.

जुना विंडोज ७ चा पीसी फक्त हिशेबासाठी आहे. त्यावर चांगला अँटीव्हायरस टाकला तर चालेल?

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि त्यावर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती. पहिल्या प्रश्नातल्या खिडक्या तिथे अजून उघड्या आहेत. हिशेब चालू द्या, पण त्या पीसीची नेटची वायर काढा आणि ई-मेल, रिटर्न, बँक हे सगळं दुसऱ्या पीसीवर न्या. विंडोज १० चाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ११ चालत नसलेल्या पीसींची यादी आत्ताच करा आणि बँकिंगचा पीसी आधी बदला.